डिसमॅन्टल म्हणजे नक्की काय करायचं? खोलायचं, काढायचं, पाडायचं की तोडायचं

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो तेव्हाची गोष्ट. शेडच्या मधोमध एक जुनी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन, उभी होती आणि ती पलीकडच्या गाळ्यात न्यायची होती. ऑफिसातून इंग्रजी मेल आली, कोणीतरी प्रिंट काढून बोर्डावर लावली, त्यात एकच ओळ होती, प्रेस डिसमॅन्टल करून बाजूला ठेवा. आमच्या सुपरवायझरने बाहेरून बोलावलेल्या माणसांना सांगितलं, साहेबांनी प्रेस तोडायला सांगितलीय. मी जेवून परत येतोय तोवर त्यांनी गॅस कटरने पुढचं गार्ड आणि मोटरचा बेस कापून मोकळा केला होता, आणि वर कौतुकाने विचारत होते, बाकीचे तुकडे केवढे करू? पुढे ती प्रेस उभी राहिली, पण वेल्डिंगची ठिगळं घेऊन, आणि तीन आठवडे उशिराने.

सुपरवायझर बिचारा इंग्रजीत कच्चा नव्हता. त्याला शब्द माहीत होता, फक्त मराठीत बोलताना त्याने जे क्रियापद उचललं ते चुकलं. तेव्हापासून मला या एका शब्दाचं वेडच लागलंय म्हणा ना. आता मी मशीनची मॅन्युअलं आणि सेफ्टीच्या सूचना मराठीत करून देतो, त्यात दर दोन पानांनी हा शब्द येतो, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहून काढू.

आधी शब्द कुठून आला ते बघू, कारण तिथेच अर्धं काम होतं

डिसमॅन्टल हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याचे दोन तुकडे. पुढचा डिस म्हणजे काढून घेणे, उलट करणे. मागचा मॅन्टल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, शाल, पांघरूण. म्हणजे मूळ अर्थ, अंगावरचं पांघरूण काढून घेणे. फ्रेंचमध्ये हा शब्द वापरायचे किल्ल्यांसाठी. तटबंदी म्हणजे गावाच्या अंगावरची शाल, ती उतरवली की गाव उघडं पडलं.

हा मॅन्टल आपल्याला नवा नाही बरं का. शाळेच्या भूगोलात पृथ्वीचं अंतरंग आठवा, वर भूकवच, मग प्रावरण, मग गाभा. ते प्रावरण म्हणजेच इंग्रजीतलं मॅन्टल. आणि प्रावरण म्हणजे काय तर वस्त्रप्रावरणे मधलं प्रावरण, अंगावर घ्यायचं वस्त्र! ज्याने कोणी हा प्रतिशब्द केला त्याला सलाम, शब्दाच्या मुळापर्यंत जाऊन केलाय. दुसरा मॅन्टल म्हणजे पेट्रोमॅक्स बत्तीचं मेंटल, ती जाळीची पांढरी पिशवी जी ज्योतीभोवती बसते आणि हात लावला की भुगा होते. ज्यांनी गावाकडे वरातीत बत्त्या बघितल्यात त्यांना माहीत असेल.

किल्ल्यांचा अर्थ आपल्याकडे तर शब्दशः लागू झाला. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतले कितीतरी किल्ले निकामी केले, कुठे तट पाडले, कुठे दरवाजे, कुठे वर जायच्या पायऱ्याच उडवल्या, म्हणजे परत कोणी वर जाऊन बसायला नको. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये अशा किल्ल्यांपुढे हाच शब्द भेटतो, द फोर्ट वॉज डिसमॅन्टल्ड. आता तिथे किल्ल्याचे दगड सुटे करून कोणी रचून ठेवले होते असं नाही. तिथे अर्थ आहे, लढायच्या कामाचा राहू दिला नाही. मुंबईत आपण ज्याला फोर्ट म्हणतो तिथेही कोट होता, तो १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना पाडला. कोट गेला आणि नाव राहिलं.

हा जुना अर्थ लक्षात ठेवा, पुढे सरकार, कायदे, टोळ्या यांच्याबद्दल हा शब्द येतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. डिसमॅन्टल केलेली गोष्ट पुसली जाते असं नाही, ती कामाची राहत नाही.

उच्चार आणि स्पेलिंग, पटकन

जोर मधल्या मॅन वर द्यायचा, डिसमॅन्टल. पहिला डिस हलका, शेवटचा टल तर जवळजवळ गिळायचा. आपल्याकडे सर्रास डिसमेंटल म्हणतात, बोलण्यात चालून जातं, पण लिहिताना मग लोक शेवटी मेंटल हॉस्पिटलमधल्या मेंटलचं स्पेलिंग टाकतात. मी अशी कोटेशनं बघितलीयत ज्यात वाचल्यावर वाटतं कपाटाला मानसोपचार द्यायचेत. स्पेलिंग आठवायला सोपी युक्ती, मॅन म्हणजे माणूस, त्यापुढे टी एल ई, जसं बॉटल आणि लिटलच्या शेवटी येतं तसं.

रूपं सरळ आहेत. भूतकाळ डिसमॅन्टल्ड, चालू काळ डिसमॅन्टलिंग, नाम म्हणूनही डिसमॅन्टलिंगच वापरा. डिसमॅन्टलमेंट असाही शब्द आहे पण तो जास्त करून करार आणि शस्त्रास्त्रं असल्या जड लिखाणात दिसतो, घरच्या सोफ्यासाठी वापरला तर हसू येईल.

पायरी पहिली: स्वतःला विचारा, हे परत जोडायचंय का?

सगळा गुंता या एका प्रश्नात आहे. इंग्रजीत वस्तू सुटी करण्याच्या शब्दांची एक रांग आहे असं समजा. एका टोकाला डिसअसेम्बल, दुसऱ्या टोकाला डिमॉलिश, आणि आपला डिसमॅन्टल मधे बसलाय, दोन्हीकडे पाय ठेवून.

डिसअसेम्बल म्हणजे जोडलेलं होतं ते क्रमाने सुटं केलं, आणि बहुतेक वेळा परत जोडण्यासाठीच. एकही पार्ट खराब व्हायला नको हे त्यात गृहीत असतं. मॅन्युअलमध्ये जिथे आकृती काढून एक ते चौदा नंबर दिलेले असतात तिथे हाच शब्द असतो. डिमॉलिश म्हणजे पाडणे, फोडणे, जमीनदोस्त करणे, नंतर उरतो तो राडारोडा. डिसमॅन्टलमध्ये भाग भाग करून काढणं आहे, घाई नाही, पण परत जोडायचं की नाही हे शब्द स्वतः सांगत नाही. ते आजूबाजूच्या वाक्यावरून कळतं. आमच्या मेलमध्ये 'बाजूला ठेवा' होतं ना, तोच इशारा होता. भंगारात काढायची असती तर बाजूला कशाला ठेवा म्हणाले असते?

दोन पूल घ्या म्हणजे फरक डोक्यात बसेल. मुंबई पुणे एक्सप्रेसवेवर बोरघाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल, तो एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना सुरुंग लावून उडवला. हे डिमॉलिश. आणि मशीद बंदर ते सीएसएमटीच्या मधला कर्नाक पूल, दीडशे वर्षांहून जुना, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे तिथली वाहतूक बंद ठेवून काढला. खाली रुळ, वर ओव्हरहेड वायर, तिथे सुरुंग लावून कसं चालेल? गर्डर कापायचे, क्रेनने उचलायचे, बाजूला न्यायचे. रेल्वेच्या भाषेत त्याला डिसमॅन्टलिंग म्हणतात. दोन्ही पूल गेलेच, परत कोणीच जोडला नाही, तरी शब्द वेगळे, कारण जाण्याची पद्धत वेगळी. आणि पुण्यात चांदणी चौकात तर दोन्ही झालं, २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोट केला, पूल पूर्ण पडलाच नाही, मग उरलेला मशीन लावून काढावा लागला.

आता याच्या उलट, परत जोडायसाठी काढलेला पूल. लंडन ब्रिज माहितीये ना, १८३१ चा दगडी पूल. तो १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका उद्योजकाने विकत घेतला, दगडांवर नंबर टाकून तो उतरवला, समुद्रमार्गे ॲरिझोनात लेक हवासू सिटीला नेला आणि १९७१ मध्ये तो तिथे उभा राहिला. तिथे आत काँक्रीटचा सांगाडा आहे आणि बाहेरून लंडनचे दगड. यालाही इंग्रजीत डिसमॅन्टल्डच म्हणतात.

इजिप्तमधली अबू सिंबेलची देवळं आणखी मजेशीर आहेत. अस्वान धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून १९६४ ते ६८ या काळात ती करवतीने कापून मोठमोठे ठोकळे केले आणि ६५ मीटर वर नेऊन परत बसवली. म्हणजे कापलं म्हणजे वाट लावली असंही नाही, पुढे काय करायचंय ते ठरवून कापलं होतं. आमच्या गॅस कटरवाल्याला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग मी काय वेगळं केलं?

पायरी दुसरी: मराठीत वस्तू बघून क्रियापद बदला

इंग्रजीत एकच शब्द किल्ल्यालाही आणि कपाटालाही चालतो. मराठीचा स्वभाव तसा नाही. आपल्याकडे प्रत्येक धंद्याचं स्वतःचं क्रियापद आहे आणि ते चुकलं की समोरचा ओळखतो, हा माणूस या लाइनचा नाही.

गॅरेजमध्ये इंजिन खोलतात. उघडत नाहीत. बॉनेट उघडतात, इंजिन खोलतात, हा फरक कुठल्याही मेकॅनिकला विचारा. घरात मात्र 'दार खोल' म्हटलं की आज्जी लगेच म्हणायची, खोल विहीर असते, दार उघडायचं असतं. तिचं घरापुरतं बरोबर होतं. पण वस्तूचे पार्ट वेगळे करणे या अर्थाने खोलणे मराठीत इतकं मुरलंय की त्याला दुसरा शब्द लावला तर कोणाला कळणारच नाही. मिक्सर, पंखा, घड्याळ, सायकलचं हब, पाण्याची मोटर, सगळं खोलतात. एनसीसी केलेल्यांना रायफलचा 'खोलना जोडना' तास आठवत असेल, हिंदी शब्द पण आपण मराठीतही तसाच म्हणायचो, अरे खोलणं जोडणं झालं का तुझं? तिथे इंग्रजीत मात्र डिसमॅन्टल म्हणत नाहीत, स्ट्रिप म्हणतात, स्ट्रिपिंग अँड असेम्बलिंग.

कौलं उतरवतात. जुना लाकडी वाडा, ज्याचे खांब, तुळया, दरवाज्याच्या चौकटी परत वापरायच्यात, तोही उतरवतात. हा उतरवणे शब्द मला फार आवडतो, कारण त्यात काळजी आहे, जपून खाली घेणं आहे. आणि बघा, शाल पण उतरवतात, दागिने पण उतरवतात, म्हणजे डिसमॅन्टलच्या मुळातलं ते पांघरूण काढणं मराठीत आपोआप आलं. तोच वाडा बिल्डरकडे गेला की पाडतात.

मांडव काढतात किंवा उतरवतात. कपडा उसवतात, आणि याला इंग्रजीत डिसमॅन्टल चालत नाही, तिथे अनपिक म्हणायचं. गाठ सोडतात, लोकर उसवून परत गुंडा करतात. जहाज तोडतात, कारण ते परत कधी जोडायचंच नसतं. इंग्रजीतही तिथे शिप ब्रेकिंग असाच शब्द होता, आता कागदोपत्री शिप रिसायकलिंग म्हणतात, जरा सभ्य वाटतं.

एक गंमत सांगतो. अकोले तालुक्यात अलंग नावाचा किल्ला आहे, अलंग मदन कुलंग मधला, ज्याच्या तुटक्या पायऱ्यांपाशी ट्रेकर लोक दोर लावून चढतात. आणि गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंग आहे, जिथे १९८० च्या दशकापासून जगभरची जुनी जहाजं किनाऱ्यावर चढवून तोडतात. एकच नाव, दोन्हीकडे डिसमॅन्टल.

जहाजावरून आयएनएस विक्रांतचं उदाहरण घ्या, आपली पहिली विमानवाहू नौका. ती १९६१ मध्ये कमिशन झाली, म्हणजे नौदलात दाखल झाली, १९९७ मध्ये डीकमिशन झाली, बरीच वर्षं मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये मुंबईतच दारूखाना नावाच्या भागात ती तोडायला घेतली. डीकमिशन म्हणजे सेवेतून निवृत्त, जहाज जसंच्या तसं. डिसमॅन्टल किंवा ब्रेक अप म्हणजे प्रत्यक्ष पत्रे निघाले. बातम्यांमध्ये हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकतात, तुम्ही टाकू नका, दोघांमधे १७ वर्षं आहेत.

पायरी तिसरी: भाऊबंद ओळखा

टेक अपार्ट हा डिसमॅन्टलचा घरगुती भाऊ. बोलताना हाच वापरा, जास्त नैसर्गिक वाटतं. मुलाने रिमोट खोलून ठेवला तर कोणी इंग्रज आई डिसमॅन्टल म्हणणार नाही, ती म्हणेल, ही टुक द रिमोट अपार्ट. इथे एक नियम पाळा, वस्तूऐवजी इट किंवा देम आलं की ते मधेच यायला पाहिजे. टेक इट अपार्ट बरोबर, टेक अपार्ट इट चूक.

डिसअसेम्बल लिहिताना एक जीवघेणा खड्डा आहे. मधला एक तुकडा खाल्ला की होतो डिसेम्बल, आणि तो वेगळाच शब्द आहे, त्याचा अर्थ मनातलं लपवणं, ढोंग करणं. स्पेलचेक पकडत नाही कारण दोन्ही शब्द खरे आहेत. 'प्लीज डिसेम्बल द मशीन' असं मी एका सूचनेत वाचलंय, म्हणजे मशीनचं सोंग करा. सॉफ्टवेअरवाल्यांचा डिसअसेम्बलर मात्र पाना घेऊन येत नाही, तो मशीन कोडचं असेम्ब्ली भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम असतो.

डिसमेम्बर हा शब्द फर्निचरला कधीही लावू नका. त्याचा अर्थ शरीराचे अवयव तोडणे, क्राइमच्या बातमीत येतो तो. देश किंवा साम्राज्याचे तुकडे केले यासाठीही येतो. डिसेक्ट म्हणजे विच्छेदन, प्रयोगशाळेतला बेडूक. ओव्हरहॉल म्हणजे खोलणं, तपासणं, खराब बदलणं आणि परत जोडणं हे सगळं एकत्र, गॅरेजच्या बिलावर असतं ते. टिअरडाउन हा नवीन वापर, नवीन फोन बाजारात आला की लोक तो खोलून आत काय काय आहे ते दाखवतात, त्याला टिअरडाउन म्हणतात, पण तेच टिअर डाउन इमारतीबद्दल आलं की पाडणे. तंबूसाठी तर वेगळाच शब्द आहे, स्ट्राइक. स्ट्राइक द टेंट म्हणजे तंबूवर हल्ला करणे असं कोणीतरी भाषांतर केलेलं मी वाचलंय, अर्थ फक्त तंबू काढा एवढाच आहे.

कॅनिबलाइझ शब्द ऐकायला भयानक आहे पण वर्कशॉपमध्ये रोज होतो तो प्रकार. एका बंद मशीनचे पार्ट काढून दुसऱ्या चालू मशीनला लावायचे. मराठीत याला एक शब्द नाही, आम्ही सरळ म्हणायचो, तीन नंबरचं काढून पाच नंबरला लाव.

गाड्यांच्या बातम्यांत सीकेडी दिसतं, कम्प्लीटली नॉक्ड डाउन. ठोकून पाडलेली गाडी नव्हे ती. परदेशातून सुट्या भागांचा संच आणायचा आणि इथे जोडायचा. तयार गाडी आणण्यापेक्षा सुट्या संचावर आयात शुल्क कमी पडतं म्हणून हा उद्योग. म्हणजे इथे नॉक डाउनचा अर्थ डिसअसेम्बलच्याही पलीकडे, अजून जोडलीच नाही असा.

आता वस्तू नसेल तर?

इथे शब्दकोश फार मदत करत नाहीत. इंग्रजीत व्यवस्था, कायदे, टोळ्या, युक्तिवाद, फलंदाजी, काहीही डिसमॅन्टल होतं. सगळीकडे एकच कल्पना, एका फटक्यात गेलं असं नाही, एकेक खिळा काढत गेला आणि शेवटी उभं राहायला काही उरलं नाही.

दक्षिण आफ्रिकेतली वर्णभेदाची व्यवस्था १९९० ते ९४ मध्ये एकेक कायदा रद्द करत गेली, त्याला इंग्रजीत डिसमॅन्टलिंग ऑफ अपार्थाइड म्हणतात. आपल्याकडे २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांची परवान्याची अट काढली, तिथेही इंग्रजी पेपर लायसन्स राज डिसमॅन्टल झालं असं लिहितात. पेट्रोलियमच्या सरकारी नियंत्रित किमतींची पद्धत १ एप्रिल २००२ पासून बंद झाली, तिचं तर नावच पडलं, डिसमॅन्टलिंग ऑफ एपीएम, एपीएम म्हणजे ॲडमिनिस्टर्ड प्राइस मेकॅनिझम. या सगळ्यांना मराठीत 'मोडीत काढणे' चपखल बसतं. मोड म्हणजे सोनाराकडे वितळवायला द्यायचा जुना दागिना, घाट मोडला तरी सोनं राहतं. 'उद्ध्वस्त करणे' नको, त्यात भूकंपाचा आवाज येतो.

टोळीच्या बाबतीत पोलिसांच्या इंग्रजी प्रेसनोटमध्ये नेटवर्क डिसमॅन्टल्ड असतं आणि मराठीत छापून येतं 'नेटवर्क उद्ध्वस्त'. मला विचाराल तर 'टोळी मोडून काढली' जास्त चांगलं. बंड पण आपण मोडूनच काढतो. समिती किंवा मंडळ असेल तर बरखास्त, पण ते इंग्रजीतलं डिझॉल्व्ह किंवा डिसबँड, डिसमॅन्टल नव्हे.

युक्तिवादाला मराठीत 'खोडून काढला' म्हणतात, ते ठीक आहे पण पूर्ण नाही. खोडून काढणं रिफ्यूट झालं. डिसमॅन्टलमध्ये समोरच्याचा मुद्दा आधी सुटा करून दाखवणं आहे, हे गृहीतक, हा आकडा, हा निष्कर्ष, आणि बघा हे एकमेकांना कुठे जोडलेलेच नाहीत. मी अशा ठिकाणी सरळ लांब वाक्य लिहितो, 'त्याच्या मुद्द्याचा एकेक सांधा सोडवून दाखवला'. भाषांतरात एका शब्दाला एकच शब्द पाहिजे असा कुठे कायदा आहे?

आणि क्रिकेट. १७ सप्टेंबर २०२३, आशिया कप फायनल, कोलंबो, सिराज २१ धावांत ६ बळी आणि श्रीलंका ५० वर ऑल आउट. इंग्रजीत म्हणता येईल, सिराज डिसमॅन्टल्ड द श्रीलंकन बॅटिंग. मराठीत काय? धुव्वा उडवला, कापून काढली, धूळधाण केली, हे सगळं चालतं, पण नेमका शब्द आहे खिळखिळी केली. खिळखिळं म्हणजे सांधे ढिले झालेलं, खुर्ची खिळखिळी होते तसं. एका स्पेलमध्ये खिळे निघाले. फक्त एक फरक आहे, खिळखिळी झालेली खुर्ची अजून उभी असते, डिसमॅन्टल झालेली नसते, म्हणून चार विकेट पडल्या असतील तर खिळखिळी आणि दहाच्या दहा पडल्या की मग धुव्वा.

पायरी चौथी: वाक्यात बसवताना

डिसमॅन्टलला कर्म लागतंच. कोणी काय डिसमॅन्टल केलं ते सांगावं लागतं. 'द मशीन डिसमॅन्टल्स इझिली' असं क्वचित ऐकू येतं, पण तुम्ही 'द मशीन इज ईझी टू डिसमॅन्टल' म्हणा, सुरक्षित आहे. कोणी केलं ते महत्त्वाचं नसेल तर कर्मणी प्रयोग, 'द शेड वॉज डिसमॅन्टल्ड लास्ट वीक'. मराठी करताना मात्र 'शेड मागच्या आठवड्यात डिसमॅन्टल केली गेली' असलं काही लिहू नका, 'मागच्या आठवड्यात शेड काढली' एवढं पुरे.

आपल्याकडची एक खास चूक म्हणजे डिसमॅन्टलपुढे फ्रॉम लावणे. 'डिसमॅन्टल द एसी फ्रॉम द वॉल'. भिंतीवरून आख्खा एसी काढायचाय, त्याचे पार्ट सुटे करायचे नाहीयेत, मग ते रिमूव्ह किंवा अनइन्स्टॉल झालं. 'डिसमॅन्टल द एसी' म्हटल्यावर एखादा शब्दाला जागणारा माणूस कॉइल, ब्लोअर, पीसीबी सगळं जमिनीवर पसरून ठेवेल आणि त्याची काही चूक नसेल. काढणे आणि खोलणे हा फरक मराठीत आपण बरोबर करतो, पंखा काढला आणि पंखा खोलला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इंग्रजीत गेलो की गडबडतो.

टेंडर आणि कोटेशन, जिथे शब्दाचे पैसे लागतात

बांधकामवाल्यांनी हा भाग नीट वाचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या स्पेसिफिकेशनमध्ये याच दोन शब्दांचं एक आख्खं प्रकरण आहे आणि तिथे व्याख्याच दिलीय. डिसमॅन्टलिंग म्हणजे भाग नुकसान न करता काळजीपूर्वक वेगळे करून काढणे. डिमॉलिशन म्हणजे फोडणे. दरसूचीमध्ये दोघांचे आयटम वेगळे, दर वेगळे. डिसमॅन्टलिंगच्या आयटममध्ये बहुतेक वेळा पुढे लिहिलेलं असतं की उपयोगी माल साइटजवळ रचून ठेवायचा आणि निरुपयोगी माल ५० मीटरच्या आत टाकायचा. म्हणजे दरवाजा डिसमॅन्टल म्हणून घेतला आणि माणसाने घणाने फोडला तर बिलात वाद होणार, आणि तुम्ही हरणार. इथे मराठीत 'सुस्थितीत काढून घेणे' आणि 'पाडणे' असे दोन वेगळे शब्द शेवटपर्यंत पाळा, मधेच 'तोडकाम' लिहून मोकळे होऊ नका. ठेकेदार बोलताना सगळ्यालाच तोडकाम म्हणतो, ते बोलण्यात ठीक आहे.

घर शिफ्ट करतानाच्या कोटेशनमध्ये डिसमॅन्टलिंग चार्जेस लिहिलेलं असतं. तिथे एकच विचारायचं, परत जोडून देणं यात धरलंय का? डिसमॅन्टल या शब्दात ते येत नाही, रीअसेम्बल वेगळं लिहिलेलं पाहिजे. आमचा हायड्रॉलिक बेड नवीन घरात चार दिवस भिंतीला टेकून उभा होता, कारण कागदावर फक्त पहिला शब्द होता. आणि खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू आणि वायसर प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच फळीला चिकटपट्टीने लावा, फळ्यांवर मार्करने नंबर टाका. लंडन ब्रिजवाल्यांनी दगडांवर टाकले, आपण फळ्यांवर टाकू.

थोडा सराव करा

खाली वाक्यं देतो, आधी स्वतः मराठी करून बघा मग माझं वाचा.

'दे डिसमॅन्टल्ड द स्टेज आफ्टर द शो.' मी लिहीन, कार्यक्रम झाल्यावर त्यांनी स्टेज काढलं. मोडलं लिहिलं तर लोक समजतील भांडणं झाली.

'द टेक्निशियन डिसमॅन्टल्ड द पंप टू फाइंड द लीक.' लीक कुठे आहे बघायला त्याने पंप खोलला. इथे टेक्निशियनचा तंत्रज्ञ केला तर वर्कशॉपमध्ये कोणी वाचणार नाही, मिस्त्री किंवा फिटर जे असेल ते लिहा.

'द ओल्ड फॅक्टरी वॉज डिसमॅन्टल्ड अँड सोल्ड फॉर स्क्रॅप.' जुना कारखाना मोडून भंगारात विकला. स्क्रॅप शब्द आला, म्हणजे परत जोडायचा प्रश्न संपला, इथे मोडणे बरोबर.

'द न्यू गव्हर्नमेंट इज डिसमॅन्टलिंग द स्कीम.' नवीन सरकार ती योजना हळूहळू मोडीत काढतंय. 'हळूहळू' मूळ वाक्यात दिसत नाही पण चालू काळात आहे, म्हणून मी घालतो. तुम्हाला जास्त वाटलं तर काढा.

'डू नॉट डिसमॅन्टल.' बॅटरीवर, चार्जरवर छापलेलं असतं. सरकारी मराठी होतं 'विघटित करू नये', आणि वाचणाऱ्याला वाटतं कचऱ्याबद्दल काहीतरी आहे. मी लिहितो, 'खोलू नका'. एका गिऱ्हाइकाने हे परत पाठवलं होतं, म्हणे जरा भारदस्त पाहिजे. मग मी 'कृपया खोलू नका' करून दिलं, ते पास झालं.